सेंट जोसेफच्या दिवशी एक सही

टॅक्स सीझनमध्ये आमच्या ऑफिसात कोणाला मान वर करायला फुरसत नसते आणि त्यात १९ मार्चला बॉस म्हणाला की बेन्सनहर्स्टला जाऊन टॅक्स रिटर्नवर एक सही घेऊन ये. क्लायंट म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या या वस्तीतली एक सिसिलियन बेकरी, नाव काही लिहीत नाही. धंदा मुलगा बघतो पण बिल्डिंग आईच्या नावावर, ती ऐंशीच्या पुढची, ई-फाइल बिफाइल तिला मान्य नाही, माणूस समोर बसला तरच सही करणार, आणि हल्ली दुकानात येते ती वर्षातून याच दिवशी.

डी ट्रेनमधून उतरले तर लाइन दुकानाबाहेर पडून कोपऱ्यावरून वळलेली. सेंट जोसेफचा सण म्हणजे सिसिलीवाल्यांची स्फिंजे, तळलेल्या हलक्या पिठाच्या गोळ्यावर रिकोटाचं गोड सारण, वर संत्र्याच्या सालीचा मुरंबा आणि पिस्ता. नेपल्सवाल्यांची झेपोले, त्यात कस्टर्ड आणि वर आंबटगोड चेरी. दुकान सिसिलियन असलं तरी दोन्ही ठेवतात, गिऱ्हाईक परत कशाला पाठवायचं! ईस्टरच्या आधीचे उपास चालू असतात, पण या दिवशी गोडाला सगळं माफ.

मुलाने मला पाहिलं, फाइल काढून घेतली आणि म्हणाला हात धू, बॉक्स उघडायला लाग. मी सीपीए, म्हणजे इकडची सीए, आहे हो! पण नकार द्यायला तिथे जागाच नव्हती. पांढरे पुठ्ठ्याचे बॉक्स चपटे येतात, ते उभे करायचे, आत कागद, आणि छताला टांगलेल्या रिळातून लाल-पांढरा दोरा खाली येतो तो बॉक्सला आडवा उभा गुंडाळून गाठ मारून बोटाच्या झटक्याने तोडायचा. काउंटरवरची पोरगी डोळ्यांचं पातं लवायच्या आत करत होती, माझ्या बोटाला मात्र चरे पडले. ती पोरगी चायनीज, नेहमीच्या गिऱ्हाइकांशी कँटोनीजमध्ये बोलते, कारण आता आजूबाजूला बरीचशी वस्ती त्यांचीच. मागे तळणीवर मेक्सिकोच्या पुएब्लाचा माणूस, रिकोटा किती निथळू द्यायचा हे तो मुलाच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला. लाइनीतले इटालियन बहुतेक स्टॅटन आयलंड नाहीतर न्यू जर्सीहून आलेले. १९६४ ला ब्रुकलिन आणि स्टॅटन आयलंड जोडणारा वेराझानो पूल झाला आणि हळूहळू सगळे पलीकडे गेले, सणाला तेवढे येतात.

दुपारी गर्दी जरा ओसरली तेव्हा नॉनाने (म्हणजे आजी, बिल्डिंग जिच्या नावावर तीच, सगळे तिला असंच म्हणतात) मला मागे पिठाच्या पोत्यांजवळ बसवलं. १९२४ च्या अमेरिकन कायद्याने इटलीहून येणाऱ्यांचा कोटा वर्षाला चार हजारांच्याही खाली आणला होता, १९६५ ला ती पद्धत मोडली आणि त्यानंतरच्या लाटेत ती आणि तिचा नवरा आले. नवरा रात्री दुसऱ्याच्या भट्टीवर, ही दिवसा कपड्यांच्या फॅक्टरीत शिलाईला, मग पैसे साठवून हे दुकान.

तिचे कागद मुलाने केकच्या बॉक्समध्येच भरून दिले होते. त्यात सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेचं, जुनं स्टेटमेंट, वर्षवार कमाईचं. फॅक्टरीची थोडी वर्षं आकडे, आणि बेकरी सुरू झाल्यापासून खाली नुसती शून्यं, पानभर. म्हणजे पहाटे चारपासून काउंटरवर बाई उभी, पण कागदावर कमाई काही नाही. पेन्शन आली ती नवऱ्याच्या हिशोबावर. माझ्या माहेरी किराण्याचं दुकान होतं, आई गल्ल्यावर, तिचंही नाव कशावर नव्हतं, त्यामुळे मला जरा रागच आला आणि मी म्हटलं, नॉना, तुमचा पगार दाखवायला हवा होता.

ती म्हणाली, शून्य? मग ब्रेड कोणी विकला? आणि हसली. मग विचारलं, पगार दाखवला असता तर कापला किती असता? आताच्या दराने मालक आणि नोकर दोन्ही बाजू धरून १५.३ टक्के, मी म्हटलं. ती म्हणाली, मी नवऱ्याला तेव्हाच सांगितलं होतं, पगार नको, बिल्डिंग घेशील तेव्हा माझ्या नावावर घे.

आता या भागातल्या बिल्डिंगची किंमत मला माहीत आहे. आणि भाडं बाहेरच्या दरापेक्षा कितीतरी कमी लावते म्हणून दुकान टिकलंय, हेही तिच्याच रिटर्नवर दिसतं. माझा राग कुठच्या कुठे गेला.

सही तिने सावकाश केली, आधी प्रत्येक पान वाचून. निघताना मी म्हटलं एक स्फिंजे इथेच बशीत द्या, सकाळपासून नुसत्या बघतेय. न्यूयॉर्कमध्ये पेस्ट्री बॉक्समधून घरी नेली तर सेल्स टॅक्स नाही, दुकानात बसून खाल्ली की ८.८७५ टक्के. नॉनाने बशी बाजूला सारली, बॉक्स उघडला, दोन आत ठेवल्या, दोरा बांधला आणि म्हणाली, ट्रेनमध्ये खा.