बंदुकीचं दुकान आणि अडलेलं पेमेंट

परवाना खणखणीत असला तरी शस्त्रविक्रेत्याचा पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचा) अर्ज बहुधा पहिल्याच चाळणीत अडकतो. बहुतेक कंपन्यांच्या निषिद्ध यादीत शस्त्रं असतातच. काहीजण मग धंद्याचा प्रकार सांगणाऱ्या कोडच्या जागी क्रीडासाहित्याचा ५९४१ टाकून मोकळे होतात. हा शहाणपणा अंगाशी येतो. तपासणीत बिलावर ‘काडतुसं २५ नग’ दिसलं की सेटलमेंट, म्हणजे दुकानाच्या खात्यात पैसे जमा होणं, थांबतं. बंदूक-दारूगोळ्याच्या दुकानांसाठी ५७२३ हा वेगळा कोड २०२२ मध्ये मंजूर झालाय. धंदा खरा तोच सांगा.

ठाणे असो की वाशी, सरळ वाट म्हणजे चालू खातं आणि एनईएफटी. २ लाखांपासून पुढे आरटीजीएसही चालतं. यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) बिलावर गिऱ्हाइकाच्या परवाना क्रमांकाशेजारीच लिहा. रोख मात्र २ लाखांच्या आतच. एकाच बंदुकीचे पैसे दोन दिवसांत तोडून घेतले तरी आयकरवाले बेरीज करतात, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका!