यॉर्कचा तट, बागा आणि पबातली पुराची पट्टी

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं कोल्हापूरहून जाऊन आठ दिवस यॉर्कला राहून आलो. यॉर्क म्हणजे न्यूयॉर्क नव्हे. आमच्या शेजारच्या काकूंना हे अजून पटलेलं नाही, त्या अख्ख्या गल्लीत "अमेरिकेला जाऊन आली" असंच सांगत फिरतात. हे जुनं यॉर्क, उत्तर इंग्लंडमधलं, लंडनहून ट्रेननं दोन तासांवर. नणंदेची लेक तिथं मास्टर्स करतीय, तिनंच "मामी, मामाला घेऊन ये, मी आहे तोवर बघून जा" म्हणून डोकं खाल्लं, मग म्हटलं चला.

पहिल्याच दिवशी स्टेशनवर गावाचा नकाशा घेतला आणि आमचे हे एकदम खूश, कारण नकाशात गावाच्या चारी अंगांना बार. मिकलगेट बार, बूथम बार, मंक बार, वॉल्मगेट बार. "गाव चांगलं दिसतंय की," म्हणाले. भाची हसून हसून खाली बसायची बाकी. तिथं वेशीला बार म्हणतात, आणि गेट म्हणजे रस्ता, व्हायकिंग लोकांचा शब्द तो, आणि खरा बार पाहिजे असेल तर पब म्हणायचं. मिकलगेट म्हणजे मोठा रस्ता, आपल्या भाषेत महाद्वार रोडच धरा.

तर त्या वेशी अजून उभ्या आहेत आणि त्यांना जोडणारा तटसुद्धा, साडेतीन किलोमीटरच्या आसपास, बहुतेक सगळा मध्ययुगातला, त्याच्यावरनं चालता येतं आणि तिकीट नाही. मला जरा वाईटच वाटलं खरं सांगू का. आपल्याकडंही तट होता, खंदक होता, वेशी होत्या, आता बिंदू चौकात उरलाय तेवढा तुकडा आणि बाकी नुसती नावं. रिक्षावाल्याला गंगावेश म्हटलं की तो बरोबर नेतो पण वेस कुठाय बाबा.

पूर्ण तट चालायला वेळ नसेल तर बूथम बार ते मंक बार एवढा तुकडा तरी करा. एका बाजूला मिन्स्टर, म्हणजे तिथलं प्रचंड मोठं चर्च, आणि खाली त्याच्या आवारातल्या आणि आसपासच्या घरांच्या परसबागा. मोठमोठी झाडं, कापलेली हिरवळ, एका ठिकाणी एक आजी गुडघ्याखाली उशी घेऊन माती उकरत होत्या, आम्ही वरनं बघतोय हे त्यांना कळलं तर हात केला. एप्रिल असल्यामुळं तटाच्या बाहेरच्या उतारावर सगळीकडं पिवळे डॅफोडिल. एवढंच सांगते, तटावर काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही आणि पावसात दगड निसरडा होतो, मी तिथं चप्पल घालून गेले ही माझी अक्कल. बूट घाला.

मिन्स्टरला तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही. पण संध्याकाळी इव्हनसाँग असतं, गाऊन केलेली प्रार्थना, त्याला कुणीही जाऊन बसावं, पैसे नाहीत. पूर्वेकडची भली मोठी काचेची खिडकी मात्र दिवसा उजेडात बघायला पाहिजे. १४०५ ते १४०८ अशा तीन वर्षांत जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिरानं केली, मजुरी ५६ पौंड, त्यातले १० वेळेत काम पुरं केलं म्हणून वरचे. टेनिसच्या मैदानाएवढी खिडकी. आमच्या घराच्या खिडकीला एक काच बसवायला माणूस तीन आठवडे हेलपाटे घालायला लावतो.

बागांमध्ये मला सगळ्यात आवडली ती म्युझियम गार्डन्स, गावात, नदीच्या काठाला, फुकट. एका बाजूला सेंट मेरीज अ‍ॅबी या मठाच्या पडक्या भिंती, त्यांच्या रिकाम्या कमानीतनं पलीकडची झाडं दिसतात, गवतावर पोरं पोटावर झोपून अभ्यास करतायत, खारी अगदी पिशवीत तोंड घालतात. आमच्या बाकरवडीचा एक तुकडा खारीनं नेला, पुढं तिचं काय झालं माहीत नाही. त्याच बागेत एक रोमन बुरूज आहे, बऱ्याच कोनांचा, आणि नीट बघितलं तर बुरुजावर जोड दिसतो, खाली बारीक दगडांचं रोमन काम आणि वर मोठ्या दगडांचं मध्ययुगातलं. मधनं लाल विटांचा पट्टा गेलाय तो रोमनांचा. भाचीनं सांगितलं की ३०६ साली कॉन्स्टंटाईनला सम्राट म्हणून पहिल्यांदा जाहीर केलं ते याच गावात, त्याचा पुतळा मिन्स्टरच्या बाहेर आहे, सिंहासनावर ऐसपैस रेलून बसलेला.

रोमन म्हटल्यावर मला एकदम आपला टाऊन हॉल आठवला. लहानपणी शाळेतनं तिथल्या म्युझियममध्ये नेलं होतं, तिथं छोटीशी पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे, समुद्रदेव, ती पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत खोदकामात सापडली १९४५ च्या सुमारास. तेव्हा बाईंनी सांगितलं होतं की रोमन लोकांशी आपला व्यापार होता, आम्ही कुठं लक्ष देतोय, आमचं लक्ष बाहेरच्या बागेत भेळ खायची का नाही याच्यात. आणि इकडं पाचेक हजार मैलांवर नदीकाठच्या बागेत तीच मंडळी बुरूज बांधून बसलेली. मी ह्यांना म्हटलं, परत गेल्यावर आधी टाऊन हॉलला जायचं. अजून गेलो नाही.

गावाबाहेरची बाग म्हणाल तर कॅसल हॉवर्ड, बसनं तासाभराच्या आत. नाव कॅसल पण किल्ला नाही, राजवाडाच म्हणा. १६९९ साली ज्याच्याकडं बांधायचं काम आलं तो व्हॅनब्रू नाटकं लिहिणारा, त्याआधी त्यानं एक इमारत बांधली नव्हती, कुणी विश्वास टाकला कोण जाणे, पण पूर्ण व्हायला शंभराच्या वर वर्षं लागली. १९४० साली आग लागून घुमट कोसळला, आत्ताचा नंतर परत बांधलेला. आम्हाला वाड्यापेक्षा आवारच आवडलं, तळं, कारंजं, टेकडीवर एकटंच उभं असलेलं चार वाऱ्यांचं मंदिर, आणि मोर! मोर बघायला एवढ्या लांब यायचं का, आमच्या न्यू पॅलेसच्या आवारात काय कमी आहेत का, असं ह्यांचं म्हणणं. गुलाबाच्या बागेत मात्र एप्रिलमध्ये नुसत्या काट्यांच्या छाटलेल्या काड्या, गुलाब बघायचे असतील तर जूनमध्ये जा. परतीची बस आमच्या डोळ्यांदेखत गेली, चूक आमचीच, हे मोराचा व्हिडिओ काढत होते.

शॅम्बल्स म्हणून एक अरुंद गल्ली आहे, पूर्वी खाटकांची, मांस टांगायचे हुक अजून दिसतात, वरचे मजले इतके पुढं झुकलेले की समोरासमोरच्या खिडक्यांतनं हात मिळवता येईल. फोटोला छान. गर्दी मात्र अंबाबाईच्या देवळात नवरात्रात असती तशी, सकाळी आठच्या आत जाऊन या.

रेल्वे म्युझियम फुकट आहे आणि तिथं अर्धा दिवस गेला, कारण आमच्या ह्यांची उभी हयात उद्यमनगरात लेथवर गेलेली. मॅलार्ड हे निळं इंजिन तिथं आहे, १९३८ साली ताशी २०३ किलोमीटर पळालेलं, वाफेच्या इंजिनात अजून तो रेकॉर्ड मोडलेला नाही. पण हे मॅलार्डला पाच मिनिटं देऊन शेजारी एक इंजिन उभं कापून ठेवलंय त्याच्यासमोर तासभर उभे. बॉयलर, नळ्या, सिलिंडर, सगळं आतनं दिसतं. "हे कास्टिंग बघ, हे कास्टिंग बघ," मला बोलावून बोलावून दाखवत होते. मी शेवटी जपानच्या बुलेट ट्रेनच्या डब्यात जाऊन बसले.

आता पब. मी दारू पीत नाही, पबमध्ये जायचं म्हटल्यावर पोटात गोळाच आला होता, घरी कळलं तर काय म्हणतील हे पण होतंच. पण आत गेले तर काय, एक आजोबा पेपर वाचतायत, टेबलाखाली कुत्रं झोपलंय, एक बाई बाळाला भरवतीय. आपल्या पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यासारखं, येऊन बसायचं आणि गावची खबरबात काढायची, फक्त छपराखाली. आम्ही पहिल्या दिवशी वीस मिनिटं टेबलावर वेटरची वाट बघत बसलो, मग कळलं की काउंटरवर जाऊन स्वतः सांगायचं आणि पैसे तिथंच द्यायचे. रांग दिसत नाही पण कोण आधी आलं हे सगळ्यांच्या बरोबर लक्षात असतं. मी लेमोनेड मागितलं, ते आपलं लिंबू सरबत समजू नका, गोड सोडा असतो. ह्यांनी तळघरातल्या पिंपातनं हातपंपानं ओढून देतात ती एल नावाची बिअर घेतली, अर्धा पाइंट म्हणजे २८४ मिली, आणि पहिल्या घोटाला "गरम आहे की गं!" ती तळघराच्याच थंडाव्याची असते, बर्फगार करत नाहीत. तिसऱ्या दिवसापर्यंत तीच बरी वाटायला लागली होती.

स्टोनगेटवरचा ये ओल्ड स्टार इन बघाच, १६४४ सालचा, त्याची पाटी रस्त्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आडवी वर लावलीय. फॉसगेटवरचा ब्लू बेल एवढासा, आतली लाकडी सजावट १९०३ ची जशीच्या तशी. जेवणाचं सांगायचं तर ह्यांनी यॉर्कशायर पुडिंग गोड समजून मागवलं. ते अंडं-दूध-मैद्याचं, वाटीसारखं फुगलेलं, बिनगोडाचं असतं आणि वर तपकिरी ग्रेव्ही, बहुतेक बीफची, खात नसाल तर आधी विचारा. त्या ग्रेव्हीला ह्यांनी रस्सा म्हणायला साफ नकार दिला.

पण मला जन्मभर आठवणार तो किंग्ज आर्म्स. अगदी ऊज नदीच्या धक्क्यावर, दारातनं चार पावलं टाकली की पाणी. फरशी दगडी. आणि दाराजवळ भिंतीवर एक पट्टी, कुठल्या साली पुराचं पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा केलेली. सगळ्यात वरची नोव्हेंबर २००० ची, नदी नेहमीच्या उन्हाळी पातळीच्या ५.४ मीटर वर गेली होती. आम्ही दोघंही ग्लास हातात धरून त्या पट्टीसमोर गप्प उभे. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, आम्ही दोन्ही वेळा ह्यांच्या आत्याकडं जाऊन राहिलो, परत आलो तेव्हा आमच्या हॉलच्या भिंतीवर अशीच रेघ होती, चिखलाची. आम्ही ती रंगवून टाकली.

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना भाचीनं सांगितलं की आम्ही पण पुराच्या गावचे. मग काय, त्यांनी खुर्चीच ओढली. म्हणे इथं गावात ऊन असतं आणि तरी नदी चढते, कारण पाऊस तिकडं वर डोंगरात, स्वेल, युर, निड या नद्या सगळं घेऊन ऊजला येतात. म्हटलं आमचं तेच की, पाऊस गगनबावड्याला आणि पाणी कोल्हापुरात, कासारी कुंभी तुळशी भोगावती सगळ्या मिळून एकीतच येतात. मग त्यांनी २०१५ च्या नाताळातली गोष्ट सांगितली, फॉस नावाची छोटी नदी ऊजला मिळते तिथं दरवाजा आहे, ऊजचं पाणी उलटं आत शिरू नये म्हणून, त्या वेळी पंपाच्या ठिकाणी पाणी घुसायला लागल्यावर दरवाजा वर उचलावा लागला आणि शेकडो घरांत पाणी. भाची दोन्हीकडून भाषांतर करून दमली. ह्यांनी त्यांना टिशू पेपरवर पंचगंगेचा नकाशा काढून दिला, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका असं लिहून.

मी त्या पट्टीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, पबमधला आहे हे न सांगता. कोल्हापुरात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. आमच्याकडं पूर किती चढला ते जामदार क्लबवरनं मोजतात. मामंजी जागेच होते, दोन मिनिटांत त्यांचा मेसेज आला, "जामदार क्लबपर्यंत आलं का पाणी?"