टेक्सासमध्ये परका कायदा नको म्हणतात, आणि आमच्या डिचोलीत?

टेक्सासमधल्या ह्यूस्टनला राहायला आल्यापासून गोव्यातले मित्र फोनवर एक प्रश्न हमखास विचारतात, की तिकडे म्हणे शरियावर बंदी आणलीय, मग तुम्हा लोकांवर काही येणार का? व्हॉट्सॲपवर दोन ओळींत सांगण्यासारखा हा विषय नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

सुरुवात शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातून करतो. २०१० च्या नोव्हेंबरात तिथे लोकांनी मतदान करून राज्यघटना बदलली, की कोर्टाने निकाल देताना शरिया आणि आंतरराष्ट्रीय कायदा बघायचाच नाही. साधारण ७० टक्के लोकांनी होकार दिला. तिथल्या एका मुसलमान माणसाने दावा ठोकला, त्याचं म्हणणं साधं होतं, माझ्या मृत्युपत्रात माझ्या धर्मातल्या वारसाहक्काचा उल्लेख आहे, उद्या कोर्ट ते बाजूला ठेवणार का? अपील कोर्टाने जानेवारी २०१२ मध्ये त्याच्या बाजूने स्थगिती कायम ठेवली आणि २०१३ मध्ये ती दुरुस्ती गेलीच. कोर्टाची कारणं दोन, एकाच धर्माचं नाव घेऊन बंदी घालता येत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे शरियामुळे ओक्लाहोमात कुणाचं नुकसान झालं याचं एकही उदाहरण राज्याला दाखवता आलं नाही. बाकीची काही राज्यं जास्त शहाणी निघाली. टेनेसी, लुइझियाना, ॲरिझोना, कॅन्सस यांनी धर्माचं नाव न घेता नुसतं 'परदेशी कायदा' असं लिहिलं. टेक्सासने २०१७ मध्ये कायदा केला तो कौटुंबिक प्रकरणांपुरता, म्हणजे लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा. परदेशी कायद्यावर कुणाला दावा उभा करायचा असेल तर आधी नोटीस द्यायची, आणि इथल्या घटनेने दिलेल्या हक्कांना बाधा येते का हे न्यायाधीशाने बघायचं.

आता गंमत बघा, म्हणजे मला तरी हे फार महत्त्वाचं वाटतं. इथे घर विकायची वेळ आली तेव्हा टायटल कंपनीत, म्हणजे घराची मालकी तपासून व्यवहार पुरा करून देणाऱ्या कंपनीत, कागदांचा ढीग समोर आला. घर माझ्या एकट्याच्या नावावर, तरी बायकोच्या सहीशिवाय गाडी पुढे सरकेना. तिथली बाई जरा अवघडून समजावत होती की टेक्सासमध्ये राहतं घर नवरा-बायको दोघांच्या सहीशिवाय विकता येत नाही. माझी बायको गोव्यातल्या पेडण्याची, तिने ऐकूनही घेतलं नाही, पेन उचललं आणि सही केली. तिला यात नवल ते काय? आमच्याकडे हे पणजोबांच्या काळापासून चालत आलंय.

आणि हे टेक्सासकडे आलं कुठून? नवरा-बायकोची मिळकत दोघांची, हा विचार इथे आला स्पेनच्या कायद्यातून. १८४० मध्ये टेक्सासने, तेव्हा तो स्वतंत्र देश होता, इंग्रजी पद्धतीचा कायदा स्वीकारला पण मिळकतीबाबतचा हा स्पॅनिश नियम मुद्दाम ठेवला, कारण तो बायकांच्या फायद्याचा होता आणि लोकांना सवयीचा होता. ज्या राज्यात परक्या कायद्याविरुद्ध एवढी भाषणं होतात तिथल्या प्रत्येक संसाराच्या मुळाशी परका कायदाच बसलाय, आणि तो चांगला आहे.

तिकडे गोव्यात डिचोलीला आमची वडिलार्जित जमीन विकायला काढली तेव्हा घेणारा पुण्याचा होता. सेल डीडच्या मसुद्यात बाबा, आई, मी, बायको, ताई आणि ताईचा फोंड्याचा नवरा, इतकी नावं बघून तो चक्रावला. जावयाची सही कशाला, हा त्याचा प्रश्न. वकिलाने सांगितलं, गोव्यात लग्नाच्या आधी वेगळा करार केला नसेल तर लग्न झालं की दोघांची मिळकत एकत्र होते, अर्धी त्याची अर्धी तिची, वारशाने आलेलीसुद्धा. आम्ही दोघांनी इथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये जाऊन पॉवर ऑफ ॲटर्नी केली आणि पाठवली, तेव्हा कुठे सब-रजिस्ट्रारकडे काम झालं.

हा कायदा पोर्तुगालचा १८६७ चा, गोव्यात १८७० पासून. १९६१ ला आपण मुक्त झालो, पण १९६२ च्या कायद्याने संसदेने जुने कायदे चालू ठेवले, म्हणून हाही राहिला. पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवा सिव्हिल कोड केला, आपण मात्र जुनाच धरून आहोत, २०१२ च्या गोव्याच्या कायद्याने वारसा, नोटरी आणि इन्व्हेंटरी, म्हणजे मयताच्या मिळकतीची यादी करून वाटणी करायची कोर्टातली पद्धत, एवढा भाग नव्याने लिहिला गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर प्रश्न आला की गोंयकाराची गोव्याबाहेर जमीन असेल तर तिच्या वारशाला कुठला कायदा लावायचा. कोर्ट म्हणालं पोर्तुगीज सिव्हिल कोडच, कारण आपल्या संसदेने स्वीकारल्यावर तो भारतीय कायदा झाला, परदेशी राहिला नाही. मला हा निकाल अगदी पटतो. कायदा कुठे जन्मला याने फारसं बिघडत नाही, तो कुणी स्वीकारला आणि त्याखाली बाईला उभं राहायला जागा आहे का, हे बघायला हवं.

भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. न्यू जर्सीत २००९ मध्ये एका बाईने नवऱ्याच्या जबरदस्तीविरुद्ध संरक्षण मागितलं, तर खालच्या न्यायाधीशाने ते नाकारलं, का तर नवऱ्याला धर्माप्रमाणे तो आपला हक्क वाटत होता. वाचून माझं डोकंच फिरलं होतं. पण २०१० मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि त्यासाठी कुठलीही नवी बंदी लागली नाही, होता तोच कायदा पुरला. उलट सरसकट बंदी लावली तर मेहेर, म्हणजे मुसलमान लग्नात बायकोला द्यायची ठरलेली रक्कम, कबूल करून पळणाऱ्या नवऱ्याचंच फावतं. तो एक करार आहे, आणि कराराचे पैसे बाईला मिळायचे असतात.

आणि आपण गोव्यात बसून दुसऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवताना स्वतःचं पण बघू या. १८८० मध्ये पोर्तुगीज सरकारने हिंदूंच्या चालीरीतींसाठी वेगळा हुकूम काढला, त्यात हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची सोय आहे, बायकोला पंचवीस वर्षांपर्यंत मूल झालं नाही तर, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर, अशा अटींवर. आता ते कुणी वापरत नाही हे मला माहीत आहे, म्हणून काय झालं? सबंध देशात गोव्याच्या समान नागरी कायद्याचं कौतुक चालतं, भाषणांत आपलं नाव घेतात, आणि कागदावर ही ओळ. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका तिशी जवळ आली की कसल्या धास्तीत राहायच्या ते घरात ऐकलेलं आहे. ही ओळ काढायला ना दिल्लीची वाट बघायला हवी ना कुठल्या कमिटीची, गोव्याच्या विधानसभेत एकाने विधेयक आणावं आणि बाकीच्यांनी हात वर करावेत, एवढंच माझं मागणं आहे, आणि तुमच्या भागातला आमदार दारात आला तर त्यालाही हे विचाराच.