आयोवा १९३९: दमाचं कोडं (बहुतेक) सुटलं, आता मिशिगन पुन्हा लावायचं

मंडळी, आयोवा विद्यापीठाचा १९३९ चा अमेरिकन फुटबॉलचा सीझन मी टेबलावर कार्डं आणि फाशांनी पुन्हा खेळतोय, आणि त्यातली मिनेसोटाची मॅच अखेर जमली. जिंकलो नाही, १०-९ ने हरलो. पण तिसऱ्या क्वार्टरअखेर मागे पडलेली आयोवा चौथ्या क्वार्टरमध्ये पायावर उभी होती, आणि हे माझ्या टेबलावर पहिल्यांदाच घडलं. बायको म्हणाली, "हरलास ना? मग हसतोयस कशाला?" तिला काय सांगणार!

मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना माहीत आहेच की घोडं कुठे पेंड खात होतं. १९४१ च्या आधी कॉलेज फुटबॉलमध्ये आजच्यासारखी मनसोक्त अदलाबदल नव्हती. बाहेर गेलेला खेळाडू त्या क्वार्टरमध्ये परत येऊ शकत नसे. त्यात एडी अँडरसनकडे (गडी पेशाने डॉक्टर, आणि कोच म्हणून आयोवातलं हे पहिलंच वर्ष) भरवशाची माणसं मोजकीच. तेच अकरा आक्रमणात, तेच बचावात. म्हणून मी प्रत्येक कार्डावर दमगुण ठेवले होते: प्रत्येक डावाला (म्हणजे एकेका चालीला) एक कमी, शून्यावर आला की फाशातून दहा वजा.

कागदावर झकास. टेबलावर मात्र चौथ्या क्वार्टरमध्ये आयोवाची माती. मिनेसोटाचं बाक भरलेलं, ते ताजी लाइन (पुढची फळी) आणतात आणि आपल्या लोकांना चिरडत जातात. खऱ्या मॅचमध्ये, १८ नोव्हेंबरला, ०-९ वरून आयोवाच्या नाईल किनिकने आधी प्रासीला आणि मग बिल ग्रीनला पास देऊन १३-९ करून टाकलं, तेही चौथ्याच क्वार्टरमध्ये. दमलेली माणसं हे करत नाहीत.

बरं, आयोवाला सरळ जास्त दम द्यावा तर मिशिगनही हरायला लागतं. ते कसं चालेल? ॲन आर्बरला मिशिगनच्या टॉम हार्मनने २७ च्या २७ गुण एकट्याने केले होते, सीझनमधली एकमेव हार तीच. ती पुसून मिळालेलं ७-०-१ (विजय-हार-बरोबरी) मला नको, मला ६-१-१ हवंय. तुमच्यापैकी एकाने प्रत्येक क्वार्टरला दम भरून द्यायचं सुचवलं होतं, तेही लावून पाहिलं. मग दमगुण ठेवायचेच कशाला, असं झालं.

पाणी कुठे मुरतंय ते नोत्र दामच्या आकड्यांत सापडलं. ७-६ ची ती मॅच. टचडाउन किनिकचा, वरचा एक गुण त्याच्याच ड्रॉप-किकचा, हे सगळे सांगतात. पण त्याने त्या दिवशी १६ पंट (चेंडू लाथेने लांब समोरच्या संघाकडे धाडणं) मारले, एकूण ७३१ यार्ड. सरासरी पंचेचाळीसच्या वर! शेवटचा तर नोत्र दामच्या सहा यार्डांच्या रेषेपाशी मैदानाबाहेर. आता विचार करा, स्वतःच्या गोललाइनला पाठ टेकलेला संघ त्या काळी काय करायचा? दोनदा लाइनमध्ये डोकं घालायचं आणि तिसऱ्या डाऊनलाच (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नालाच) पंट करून मोकळं व्हायचं. चौथ्या डाऊनपर्यंत थांबायची सवय आपली, टीव्हीवर बघून लागलेली.

म्हणजे दर वेळी माझ्या मॅचमध्ये डावच जास्त होत होते, आणि दम त्यातच संपत होता. नवा नियम असा: लाइनमधल्या ढकलाढकलीला एक दमगुण, पासला अर्धा, पंटला काही नाही. जो संघ स्वतःच्या वीस यार्डांच्या आत सुरू करतो त्याने 'सावध' गठ्ठ्यातून पत्ता ओढायचा, आणि त्यात निम्म्याहून जास्त पत्ते तिसऱ्या डाऊनचे पंट. किनिकच्या कार्डावर पंटचा कॉलम इतक्यांदा खोडलाय की तिथे कागदाचा लगदा झालाय. आता नवं कार्ड, शाईने.

हाच नियम पर्ड्यूवर लावला आणि हाफटाइमला स्कोअर होता २-०. दोन-शून्य! आयोवाच्या माइक एनिकचं कार्ड, फासा ०२, पंट अडवला, सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोललाइनमागे अडकवल्याचे दोन गुण). खरी मॅच दोन सेफ्ट्यांवर ४-० संपली होती, त्यामुळे अर्धी तरी इतिहासासारखी झाली. पुढे ९-७ झालं ते सोडा. त्या स्कोअरशीटचा फोटो काढून ठेवलाय.

सामानाबद्दल दोन शब्द. कार्डशीट अप्पा बळवंत चौकातूनच घ्या, तीनशे जीएसएमचं, आणि लॅमिनेशन करू नका. गठ्ठा हातातून निसटतो आणि पेन्सिल चालत नाही. ऑनलाइन मागवलेले ते पारदर्शक दहा बाजूंचे फासे दिसायला देखणे, पण मिठाच्या पाण्यात तरंगवले की तीच बाजू पुन्हा पुन्हा वर येते. ते आता पुतण्याच्या सापशिडीत.

खरं तर पुढची नोंद नॉर्थवेस्टर्नची होणार होती, ७-७ ची, ज्यात किनिकचा खांदा गेला. पण हे लिहिता लिहिता एक सुचतंय. चौथ्या क्वार्टरमध्ये बाहेर काढलेला माणूस परतच येणार नाही, म्हटल्यावर मिनेसोटाचा कोच बर्नी बिअरमन आपले हुकमी गडी तेव्हा बाहेर काढेल का? नाही काढणार. मग मिनेसोटाचा ताजा बाक शेवटच्या क्वार्टरला माझ्या टेबलावर जितका येतो तितका यायलाच नको. प्रत्येक संघाच्या तीन-चार कार्डांना 'हुकमी' शिक्का मारायचा, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये ती दुखापतीशिवाय हलवायची नाहीत. असं केलं तर १०-९ चंही काहीतरी होईल.

म्हणून नॉर्थवेस्टर्न थांबेल, आधी मिशिगन पुन्हा. हा सगळा डोलारा लावूनही हार्मन जिंकला तरच नियम खरा. तो हरला तर 'सावध' गठ्ठा परत उघडावा लागेल. आणि टिकलाच, तर पुढचा सीझन १९३८ चा ड्यूक विद्यापीठाचा घेतो, टीसीयूचा (टेक्सास ख्रिश्चन) नाही. बर्फात पिट्सबर्गला ७-० ने हरवलं त्या मॅचमध्ये ड्यूकच्या एरिक टिप्टनच्या पंटांनीच पिट्सबर्गला कोपऱ्यात दाबून धरलं होतं, आणि पंटच्या गठ्ठ्याला याहून चांगली परीक्षा मिळायची नाही.

कुणाकडे ड्यूकच्या त्या सीझनचे मॅचवार पंटचे आकडे असतील तर कळवा. मिशिगन रविवारी लावतोय. हार्मनच्या कार्डाला हात लावलेला नाही.