उजेड फिरत नाही

दुपारी तीनच्या सुमारास टेबलावरच्या ग्लासातलं पाणी शहारलं.

फोन मुका करून पालथा ठेवला होता. तो थरथरला, ती थरथर टेबलाच्या लाकडातून ग्लासापर्यंत पोचली आणि पाण्यावर बारीक, दाट वर्तुळं उमटली. घुर्र असा आवाज झालाही असेल, पण मला आधी दिसलं ते पाणी. फोन संग्रहालयवाल्यांचा होता. उचलणारच होते, पण पाण्याकडे बघत राहिले आणि तेवढ्यात तो थांबला. वर्तुळंही गेली.

एका संगीत संग्रहालयाचं रिब्रँडिंग माझ्याकडे आलंय. नवा लोगो, नवे रंग, तिकिटापासून पिशवीपर्यंत सगळं नवं. समितीने दिलेला ब्रीफ एका ओळीचा आहे. ‘बघताक्षणी संगीत ऐकू आलं पाहिजे.’ ज्यांनी हे वाक्य लिहिलं त्यांना माझा नमस्कार. असं जमत असतं तर एवढं संग्रहालय कशाला बांधलं, चार पाट्या रंगवून भागलं असतं.

तर गेले आठ दिवस मी रेफरन्स गोळा करतेय. बाहेरून हे काम फार हेवा वाटावा असं दिसतं. दिवसभर सुंदर चित्रं बघायची आणि वर त्याला काम म्हणायचं. घरातल्यांचाही तोच समज आहे आणि मी तो दूर केलेला नाही. पण दोनशे चित्रं जमली की डोळ्यांना अजीर्ण होतं. मूड बोर्डाचं, म्हणजे अशी चित्रं एकत्र लावलेल्या फळ्याचं, जुन्या ट्रंकेसारखं असतं. आत टाकताना प्रत्येक वस्तू कधीतरी लागेल असं वाटतं, आणि उघडल्यावर ही कशाला ठेवली होती तेच आठवत नाही. माझ्या बोर्डावर सध्या एका दाराच्या कडीचा फोटो आहे. का, ते विचारू नका.

एक अट मात्र पहिल्याच दिवशी स्वतःला घालून घेतली. तो शेपटीवाला स्वर नको. काळा गोळा, उभी दांडी आणि वरून लोंबणारी शेपूट. गाण्याच्या क्लासच्या पाटीवर तो, फोनवरच्या ॲपवर तो, मुलांच्या कंपासपेटीवर तो. ज्यांनी जन्मात स्टाफ नोटेशनची, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीची, एक ओळ वाचलेली नाही त्यांनाही तो बघून ‘संगीत’ कळतं. माझा राग नेमका त्याच्यावरच आहे. कळतं सगळं, ऐकू काही येत नाही.

त्याचं भावंड, म्हणजे त्या रेघांच्या सुरुवातीला येणारा तो वेटोळेवाला ट्रेबल क्लेफ. त्याच्यावर मला धड रागावताही येत नाही. तो मुळात रोमन लिपीतला ‘जी’. शतकानुशतकं लिहिता लिहिता लेखनिकांच्या हाताखाली त्याचं वेटोळं झालं. आजही त्याचा वळसा ज्या रेघेभोवती पडतो ती रेघ ‘जी’ या स्वराचीच. खालच्या सुरांसाठीचा बेस क्लेफ तसाच ‘एफ’मधून आलेला, आणि त्याच्यापुढचे दोन ठिपके म्हणजे ‘एफ’च्या दोन आडव्या दांड्यांची उरलेली खूण. लोकांनी एक अक्षर इतकं गिरवलं की त्याचं चित्र झालं. यापुढे लोगो करणाऱ्यांनी काय बोलावं? तरीही नको म्हणजे नको.

त्याऐवजी मी भातखंडे लिपीचं, म्हणजे आपल्या हिंदुस्थानी संगीताच्या स्वरलिपीचं, एक पान बोर्डावर लावलंय. डिझायनर म्हणून मला त्या पानाचा हेवा वाटतो. अक्षरं आपली नेहमीचीच. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तक असेल तर टिंब खाली, तार असेल तर वर, तालाच्या समेला फुली, तालातल्या ‘खाली’ला शून्य. संपलं. टिंब वर गेलं की आवाजही वर गेला, याहून सरळ काय असणार? समितीतल्या एकांना ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “हे जरा गणिताचं वाटतं.” वाटतं खरं. गणिताचा तास आणि गाण्याचा तास यांत मलाही लहानपणी फार फरक वाटत नसे. दोन्हीकडे मोजताना बोटं चुकायची.

पाणी शहारलं तशी मी पुन्हा क्लाड्नीकडे वळले. एर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन गृहस्थाने १७८७ साली छापलेल्या आकृत्या बोर्डावर अगदी वरच्या कोपऱ्यात आहेत. धातूच्या पातळ पत्र्यावर वाळू भुरभुरायची आणि पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्रा बोलू लागतो. वाळू नाचते, इकडेतिकडे पळते आणि बघता बघता ताऱ्यांच्या, जाळ्यांच्या, कमानींच्या आकारात येऊन बसते. बोट दुसरीकडे टेकवलं की सूर बदलतो, ती नक्षी मोडते आणि दुसरी मांडली जाते. १८०९ मध्ये त्याने हे नेपोलियनला करून दाखवलं. एवढं सैन्य रांगेत उभं करणारा तो माणूस, पण एका गजासरशी वाळूचा कण न् कण आपापल्या जागी उभा राहिलेला बघून त्याला काय वाटलं असेल, हे मला उगाचच जाणून घ्यायचं आहे.

त्यात एक गंमत आहे, ती माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. पत्रा जिथे जोरात हलतो तिथून वाळू उडून जाते. ती साठते ती जिथे पत्रा हलत नाही तिथे. म्हणजे ज्याला आपण सुराचं चित्र म्हणतो ते पत्र्यावरच्या गप्प जागांचं चित्र असतं. यावरून काहीतरी खोल बोलता येईल. ते मी प्रेझेंटेशनसाठी राखून ठेवलंय.

बोर्डावरच्या बाकीच्या गोष्टी आमच्या धंद्यातल्या कुणालाही तोंडपाठ असतात. योझेफ म्युलर-ब्रोकमान या स्विस डिझायनरने झुरिकच्या टोनहाले सभागृहासाठी १९५५ साली केलेलं बेथोव्हेनचं पोस्टर तर असायलाच हवं. त्यात ना बेथोव्हेनचं तोंड, ना पियानो. नुसत्या काळ्या कमानी, हिशोबाने जाड होत गेलेल्या. ते पोस्टर बघितलं की आपोआप मान ताठ होते. आणि पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या ‘कासा दा म्युझिका’ या संगीत सभागृहाचा लोगो. इमारतीचं चित्र काढायचं नाही असं ठरवून डिझायनर स्टीफन सॅगमाइस्टर कामाला लागला आणि शेवटी इमारतीचाच लोगो करून मोकळा झाला, कारण वास्तुशिल्पी रेम कोलहासने ती इमारतच मुळात तशी तिरपागडी बांधून ठेवली होती. हे समितीला सांगायला नको होतं. तेव्हापासून ‘आपलीही इमारत घ्या की’ असं चाललंय. आपली इमारत हा एक आयत आहे. त्याला गच्ची आहे.

रेकॉर्डच्या कव्हरांपाशी आले की मात्र माझं काम हमखास थांबतं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटंच मावायची, त्यामुळे एखादी सिंफनी पाच-सहा तबकड्यांवर पसरायची आणि त्या सगळ्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाडजूड बांधणीत घालून विकायचे. ‘अल्बम’ हा शब्द तिथून चिकटला तो आजतागायत, आता ना पुठ्ठा उरलाय ना पानं. ती बांधणी असायची करड्या-तपकिरी रंगाची, वर नुसतं नाव. १९४०च्या सुमाराला कोलंबिया कंपनीतल्या ॲलेक्स स्टाइनवाइस नावाच्या विशीतल्या पोराने तिच्यावर चित्रं काढायला घेतली. म्हणजे आधी चित्र बघायचं आणि मग गाणं ऐकायचं, ही सवय आपल्याला तेव्हापासून लागली.

मला लागली ती मामामुळे.

मामाकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्याला हात लावायची आम्हा मुलांना बंदी होती. बघायला बंदी नव्हती. मी पोटावर झोपून, हनुवटी हातांवर टेकवून बघत असे. पहिल्यांदा मधलं गोल लेबल वाचायचा प्रयत्न, मग डोळे गरगरले की तो नाद सोडून द्यायचा आणि उजेडाकडे बघायचं. तबकडीवर खिडकीतला उजेड पडायचा, दोन निमुळत्या पंख्यांसारखा, टोकं मध्यभागी जुळलेली. तबकडी मिनिटाला तेहतीस फेरे घेतेय, त्यावर आणखी एक तृतीयांश, आणि ते उजेडाचे पंखे जागच्या जागी. हलत नाहीत, नुसते जरासे थरथरतात. सगळं फिरतंय आणि उजेड फिरत नाही, हे मला काही केल्या पटायचं नाही.

मामाला त्या तबकडीवरचं वाचता येत असे. म्हणजे लेबलावरचं नव्हे, खाचेतलं. तिरकं धरून तो सांगायचा, “ही काळपट पट्टी दिसतेय ना, इथे हळू आहे. इथे चकाकतंय, इथे सगळे मिळून वाजवतात.” आणि सुई नेमकी तिथे टेकवायचा. मला ती जादू वाटायची. एकदा त्याने विचारलं, एका बाजूला खाचा किती? मी मोजायला बसले. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, “एकच. बाहेरून आत.” मागे कधीतरी मी हिशोब केला. वीस मिनिटांची बाजू म्हणजे सहाशे सदुसष्ट फेरे, आणि ती एकच एक खाच सरळ केली तर सव्वाचारशे मीटरच्या वर जाते. मैदानाला एक फेरी मारून थोडं पुढे. तेवढं अंतर सुई रोज चालून यायची आणि आम्हाला दोन खोल्या ओलांडून पाणी आणायला सांगितलं तरी कुरकुर.

एके दुपारी मामा आत गेला असताना मी वेणीतला आकडा काढला आणि त्या उजेडाला टोचून बघितलं. उजेड हलतो का एवढंच बघायचं होतं. हलला नाही.

त्यानंतर त्या रेकॉर्डवर एका ठिकाणी सुई अडकू लागली. तबकडीचा एक फेरा म्हणजे १.८ सेकंद. तेवढ्यात एका शब्दाचं शेपूट आणि पुढच्याचं तोंड मावायचं, तेच पुन्हा, तेच पुन्हा. मग मामा उठायचा आणि दांडीला बोटाने हलकेच टिचकी द्यायचा. मला कुणी काही विचारलं नाही. आम्ही रागवायचो तेव्हा एकमेकांना ‘तुझी रेकॉर्ड अडकलीय’ म्हणायचो, पण ते ऐकलं की मी गप्प व्हायचे. पुढे पुढे मामा ते गाणं गुणगुणतानाही तिथे आला की तो तुकडा तीनदा म्हणायचा, हवेत बोटाने टिचकी मारायचा आणि पुढे जायचा. दाढी करताना, चपला शोधताना. मला ते गाणं कितीतरी वर्षं तसंच वाटायचं. नंतर दुसरीकडे कुठेतरी ते सलग ऐकलं तेव्हा ठेच लागल्यासारखं झालं.

हे सगळं आठवण्याचं कारण बोर्डावरचं आणखी एक चित्र. काळा चुरगळलेला कागद आणि त्यावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा. एदुआर-लेओं स्कॉट द मार्तेंविल हा पॅरिसमधला छपाईच्या धंद्यातला माणूस. त्याने १८५७ साली एका यंत्राचं पेटंट घेतलं. कर्ण्यात बोललं की पडदा थरथरायचा आणि एक राठ केस काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढायचा. एडिसनचा फोनोग्राफ यायला अजून वीस वर्षं होती. स्कॉटला तो आवाज पुन्हा ऐकायचाच नव्हता. त्याला तो वाचायचा होता, छापील मजकूर वाचावा तसा. १८६० मध्ये त्याने एका फ्रेंच लोकगीताची ओळ अशी कागदावर घेतली. २००८ साली संशोधकांनी तो कागद स्कॅन करून संगणकावर वाजवला, आणि एका मुलीचा आवाज ऐकू आला. सगळे हरखले. मग लक्षात आलं की वेग दुप्पट धरला होता. निम्मा केल्यावर एक पुरुष सावकाश, जपून गाताना ऐकू आला. बहुधा स्कॉट स्वतः.

मामाचा आवाज आमच्यापैकी कुणाकडेच नाही. तेव्हा कुणाला सुचलं नाही. त्याच्या रेकॉर्ड्सचा खोका माझ्याकडे आहे, प्लेअर कुणाकडे गेला कुणास ठाऊक.

चार वाजता उठून मी खोका काढला. ती रेकॉर्ड शोधायला वेळ लागला नाही, कव्हराचा कोपरा मीच कुरतडलेला. खिडकीशी तिरकी धरली. उजेडाचे पंखे लगेच हजर. हाताने हळूहळू फिरवत गेले. उजेड जागच्या जागी, तबकडी हातातून सरकतेय, आणि एका ठिकाणी ती बोटाच्या नखाएवढी पांढरी रेघ उजेडात आली, चमकली आणि पलीकडे निघून गेली. मी तबकडी परत मागे घेतली. पुन्हा आली. तीनदा. ब्रीफमधलं ते वाक्य पहिल्यांदाच मला वाटलं होतं तितकं वेडगळ वाटलं नाही.

फोटो काढला, बोर्डाच्या शेवटच्या पानावर एकटाच लावला, खाली काही लिहिलं नाही. सहाला फाइल पाठवून दिली.

सातच्या सुमाराला पाणी पुन्हा हललं. या वेळी मी फोन उचलला.

“मॅडम, बघितलं सगळं. छान झालंय. फक्त त्या शेवटच्या पानावर एक पांढरी रेघ येतेय. फाइलमध्ये काहीतरी गडबड असेल, जरा बघून घ्या.”

“हो सर,” म्हटलं, “बघते.”