मनोरीच्या वाडीत खोडा बसवताना

गोठ्यासाठी खोडा, म्हणजे लस किंवा तपासणीच्या वेळी जनावर आत उभं करून आवरायची दांड्यांची चौकट, घ्यायचं ठरलं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो पैशांचा. माझ्या मनात मात्र वेगळाच प्रश्न होता: तो वापरणार कोण? आमच्या मनोरीच्या वाडीत गीर गाई आहेत, मुऱ्हा म्हशी आहेत आणि एक जाफराबादी. दिवसभर घरी मी आणि सासरे, बाकीचे सकाळच्या बोटीने मार्वेला उतरून कामावर जातात. पूर्वी लस टोचायची म्हटली की शेजारपाजारचे गडी यायचे, माडाला दावं गुंडाळायचे, एकजण शिंगं धरायचा, एकजण शेपटी. आता हाक मारावी तर गावात दिवसा कोणी नसतं. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आणि मला, अशा दोघांना मिळून पाचशे किलोची म्हैस शांतपणे उभी करता आली पाहिजे, ही माझी अट होती.

खेडेगावात बऱ्याच पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या आवारात खोडा असतो, जनावर तिथे नेता येतं. मुंबईत जिल्हा परिषदच नाही, त्यामुळे तिचा दवाखानाही नाही. आमच्याकडे डॉक्टर येतात ते वाडीवर. त्यांना विचारून मी कामांची यादी केली आणि प्रत्येक कामासमोर लिहिलं, हात जनावराच्या कुठल्या भागाला लावायचा. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, ती मानेला. ओळखीचा बारा अंकी टॅग कानात. कृत्रिम रेतन आणि गाभण तपासणी मागून. खुरं छाटायची तर पाय उचलायला जागा हवी. यादी वाचल्यावर कळलं की आमचं नेमाचं आणि जास्त वेळ घेणारं काम मागच्या बाजूला आहे. म्हणजे पैसे घालायचे ते मागच्या आडव्या दांडीत आणि डॉक्टरांना आत शिरायच्या बाजूच्या फाटकात.

एका विक्रेत्याने मान अडकवणाऱ्या पुढच्या फाटकाचा फार आग्रह धरला. जनावर पुढे आलं की ते आपोआप बंद होतं. असली फाटकं मुळात बिनशिंगाच्या किंवा शिंगं काढलेल्या जनावरांसाठी बनलेली. मुऱ्ह्याची शिंगं घट्ट वळलेली असतात, तिचं डोकं कदाचित जाईलही. पण जाफराबादीची जड शिंगं मानेच्या दोन्ही बाजूंना खाली उतरतात, गीर गाईची मागे जाऊन वर वळतात. ती दांड्यात अडकली आणि जनावराने झटका दिला तर शिंग मुळातून हलतं. दुसरी भीती याहून मोठी. मान अडकलेली असताना जनावर खाली बसलं तर श्वास कोंडतो, आणि पाचशे किलो उचलायला आम्ही दोघंच! म्हणून पुढे नुसती उघडी चौकट ठेवली आणि मोरखी, म्हणजे जनावराच्या तोंडाभोवतीची दोरी, बांधायला खांबाला कडी. गाठ मारायची ती टोक ओढताच सुटणारी. एका बाजूच्या दांड्या खिळी काढली की पूर्ण बाहेर येतात, पडलेलं जनावर तिकडून मोकळं करता येतं. मोरखी सुती दोराची घेतली, नायलॉन कातडीला कापतो.

आतली रुंदी सव्वादोन फूट ठेवली, आमच्या सगळ्यात भरदार म्हशीच्या मापाने. जनावराला आत वळता येता कामा नये, पण कुशी दांड्यांना घासताही नयेत.

खरा विचार करावा लागला तो लोखंडाचा. मुंबईच्या दारूखाना भागातल्या भंगार बाजारात जुना पाइप स्वस्त मिळतो, पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात नुसता रंग मारलेलं लोखंड किती टिकतं हे आमच्या फाटकाच्या बिजागऱ्यांनी दाखवलेलंच आहे. त्यात शेण-मूत रोजचं. दोन इंची, मीडियम क्लासचा पाइप घेतला, भिंत साडेतीन मिलिमीटरहून थोडी जास्त. भाईंदरच्या गाळ्यात चौकटी वेल्ड करून त्या हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला पाठवल्या. साधारण साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवतात, पाइप आतूनही मढतो. त्याआधी बंद पाइपांना भोकं पाडावीच लागतात, नाहीतर आत कोंडलेल्या हवेने आणि ओलाव्याने तो फुटू शकतो. बोल्टची भोकंही तेव्हाच. नंतर ड्रिल किंवा वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. चौकटी सुट्या, बोल्टने जोडायच्या, म्हणून टेम्पोत मावल्या. टेम्पो उत्तनवरून फिरून आला, बोटीतून एवढं वजन आणायचा प्रश्नच नव्हता.

जागेवरून माझं आणि सासऱ्यांचं थोडं वाजलं. त्यांना खोडा गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात हवा होता, वाटेत नको म्हणून. मी म्हटलं, "बाबा, अंधारात जनावर पाऊल टाकत नाही." गाई-म्हशींना थेट पाठीमागचं सोडलं तर जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण खोली नीट कळत नाही. जमिनीवरची माडाची सावली त्यांना खड्डा वाटते. वाऱ्याने हलणारं फडकं, चमकणारं डबकं, एवढ्यानेही त्या थबकतात, आणि आपण त्याला हट्ट म्हणतो. शेवटी तो धारेच्या वाटेवरच बसवला, तोंड उजेडाकडे, पण डोळ्यांवर ऊन येणार नाही असं. पायाखालच्या कोब्यावर ओला असतानाच खाचा ओढून घेतल्या. माझ्या मते या खाचा सगळ्या लोखंडाहून मोलाच्या आहेत. घसरलेलं जनावर तिथे पुन्हा यायला तयार होत नाही.

बसवल्यावर लगेच डॉक्टरांना बोलावलं नाही. दोन्ही टोकं उघडी ठेवून पेंड खोड्याच्या पुढे ठेवत गेलो. आधी गीर गाई शिरल्या, मग त्यांच्यामागे म्हशी. जाफराबादी सगळ्यात उशिरा, पण आली ती स्वतःच्या पायांनी. लसीच्या दिवशी दोर ओढावा लागला नाही. डॉक्टर म्हणाले, "ताई, आज माझे कपडे स्वच्छ राहिले." त्या संध्याकाळी मी धारेकडे डोळे लावून होते. घाबरलेलं जनावर पान्हा चोरतं, लसीच्या दिवशी तर आमच्याकडे हे ठरलेलंच असायचं. या वेळी सगळ्यांनी पान्हा सोडला.

वजनकाटा घेतला नाही. जंताच्या औषधाला अंदाजे वजन पुरतं. खोड्यात जनावर सरळ उभं असताना शिवणाची टेप लावते. छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०, की किलो येतात. सासरे ते आकडे गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवतात.