बेदाण्याची केस परिषदेला पाठवताना

उद्योजकतेवरच्या परिषदेचं ‘कॉल फॉर पेपर्स’ आलं की आमच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो : पेपर पाठवू की केस? पेपर म्हणजे शोधनिबंध; केस म्हणजे एखाद्या खऱ्या उद्योजकापुढचा पेच, वर्गात चर्चेसाठी लिहून काढलेला. बहुतेक जण पेपरकडे वळतात. त्यात नवल नाही. पदोन्नतीच्या फॉर्ममध्ये पेपरला रकाना आहे, गुण आहेत. टीचिंग केस कुठे भरायची हे विचारायला मात्र ऑफिसात खेपा घालाव्या लागतात. मी या वेळी दोन्ही पाठवते आहे, आणि जास्त जीव लावला आहे तो केसला. सांगली-कोल्हापूरकडच्या एमबीए कॉलेजांत शिकवणाऱ्या कितीतरी जणांच्या डोक्यात अशी एखादी केस घोळत असणार. ती कागदावर यावी, परिषदेपर्यंत पोहोचावी, म्हणून हे लिहिते आहे.

माझी केस तासगाव तालुक्यातल्या एका बाईंची. मी त्यांना वहिनी म्हणते. घरची द्राक्षबाग, स्वतःचं बेदाणा शेड, आणि शेजारपाजारच्या शेतकऱ्यांचा माल वाळवून, निवडून देण्याचा धंदा. तो त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केला. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते : साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचे, शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरायचे, दोनेक आठवडे वाळू द्यायचे. मग देठ काढणं, प्रतवारी, रंग बघून वेगळं करणं, पंधरा किलोचे बॉक्स भरणं. सगळा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस गाठतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन मिळालं म्हणून सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, भाव टिकतो असं नाही.

केस उभी आहे ती एका एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. माल तयार आहे, भाव पडलेला आहे, बँकेचा हप्ता तोंडावर आहे. वहिनींपुढे तीन वाटा. एक, तासगावच्या सौद्यात येईल त्या भावाला माल काढायचा. दोन, कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायचा, त्यावर तारण कर्ज उचलायचं आणि सणासुदीच्या मागणीची वाट बघायची. तीन, थोडा माल स्वतःच्या नावाच्या पाकिटांत भरून विकायचा. यासाठी पुण्यातल्या एका दुकानदाराने विचारणा केली आहे, पण पैसे तो माल खपल्यावर देणार. केस इथं संपते. वहिनींनी काय केलं ते केसमध्ये नाही.

हे अर्ध्यात थांबणं अनेकांना खटकतं. माझ्या सहकाऱ्यांनी मसुदा वाचून पहिली सूचना केली ती हीच, की शेवट लिहा, यशोगाथा पूर्ण करा. मला ते पटत नाही. का, ते सांगायला आमच्या भागातलंच उदाहरण घेते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपण सगळेच सांगतो. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, मग कारखान्याची जागा सोडण्याची वेळ, मग औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी देऊ केलेली कुंडलजवळची माळजमीन, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी. ही गोष्ट आपण नेहमी शेवट माहीत असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकतो, म्हणून त्यातलं प्रत्येक पाऊल शहाणपणाचं वाटतं. वर्गात मी ती उलटी घेते. किर्लोस्करवाडी हे नावच उच्चारत नाही. एवढंच सांगते : तुमच्याकडे नांगर बनवण्याचं कसब आहे, पण लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकरी म्हणतात, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली आहेत, आता जागाही सोडावी लागणार आहे, आणि एक संस्थानिक निवडुंगाने भरलेला माळ देऊ करतो आहे. जाल? अर्धा वर्ग ‘नाही’ म्हणतो, आणि कारणं चांगली देतो. नंतर नाव सांगितलं की वर्ग शांत होतो, पण त्यांची कारणं त्यामुळे चुकीची ठरत नाहीत. १९१० च्या आधी त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला तीच कारणं दिसत होती. उद्योजकता शिकवायची तर विद्यार्थ्याला तिथं उभं करावं लागतं.

फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. जोखमीचं गणित मांडता येतं. अनिश्चिततेत काय काय घडू शकतं याची यादीसुद्धा पूर्ण करता येत नाही, आणि उद्योजकाचा नफा येतो तो याच दुसऱ्या गोष्टीतून. त्याच १९२१ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये पहिली लेखी केस तयार झाली, एका बूट बनवणाऱ्या कंपनीची. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी व्हाव्यात हा योगायोगच, पण मला तो फार आवडतो. शेवट न सांगणारी केस ही अनिश्चितता वर्गात जिवंत ठेवते. शेवट सांगितला की उरतं ते चरित्र. चरित्रं वाचावीत, जरूर वाचावीत, पण त्यासाठी पंच्याहत्तर मिनिटांचा तास कशाला?

संमतीचं बोलणं सोपं नव्हतं, आणि त्यात जितका वेळ द्यावा तितका थोडाच. परिषदेच्या केस विभागात कंपनीचं सहीचं संमतिपत्र लागतं. केस इंग्रजीत लिहिलेली, म्हणून सही घेण्याआधी मी ती वहिनींना आणि त्यांच्या यजमानांना बसून पूर्ण मराठीत सांगितली. वहिनींची पहिली अट अशी :

“मॅडम, कर्जाचा आकडा तेवढा लिहू नका. बाकी काय बी लिहा.”

मी म्हटलं, बरं. थोडा वेळ गेला आणि त्याच म्हणाल्या, “पण आकडा नसला तर पोरांना कळणार कसं, मी कुठं अडकले होते ते?”

मग मी त्यांना पद्धत समजावली. नाव, गाव बदलायचं आणि पैशांच्या प्रत्येक आकड्याला एकाच ठरावीक संख्येने गुणायचं. कर्ज, भाव, भाडं, मजुरी, सगळ्याला. गुणोत्तरं तशीच राहतात, हिशोब तसाच सुटतो, पण खरी रक्कम कुणाला कळत नाही. तो गुणक फक्त आमच्या दोघींकडे. “म्हंजे अडचण खरी, आकडा झाकलेला. मग चालंल,” त्या म्हणाल्या.

पुढे एका वाक्याला त्यांनी मला थांबवलं. मी लिहिलं होतं की भाव पडल्याचं कळल्यावर त्या घाबरल्या. “घाबरले नव्हते मी. चिडले होते. वर्षभर राबायचं आम्ही आणि बोली करणार ते.” हा बदल लहान दिसतो, पण त्याने केसचा तोल बदलला. घाबरलेला माणूस पहिली वाट धरतो. चिडलेला माणूस तिसरीकडे बघतो, मग पैसे उशिरा आले तरी चालतील. प्रश्नावली वाटून ही गोष्ट माझ्या हाती कधीच लागली नसती.

आता टीचिंग नोट, म्हणजे केस वर्गात कशी शिकवायची याचं शिक्षकासाठीचं टिपण. ज्यांनी कधी केस पाठवलेली नाही त्यांना वाटतं की केस म्हणजे काम आणि नोट म्हणजे जोडपत्र. परीक्षक मात्र आधी नोट उघडतात. ही केस कोणत्या विषयात, कोणत्या टप्प्यावर शिकवायची, विद्यार्थ्याने काय शिकून बाहेर पडावं, कुठले प्रश्न कुठल्या क्रमाने विचारायचे, फळ्यावर काय कुठे मांडायचं, वेळ कसा वाटायचा, हे सगळं तिथं हवं. प्रत्यक्षात पुढे काय झालं ते लिहायची जागाही तीच, नोटच्या शेवटी, शिक्षकापुरती.

माझ्या नोटमध्ये पहिली तीस मिनिटं निव्वळ हिशोबाची आहेत. माल ठेवायचा तर कोल्ड स्टोरेजचं भाडं, कर्जाचं व्याज, विमा, वजनातली घट, रंग उतरला तर खालच्या प्रतीचा भाव. हे सगळं धरून किलोमागे भाव किती वाढला तर थांबणं परवडतं? विद्यार्थी हे काढतात, आणि उत्तर हाती आल्यावरही निर्णय होत नाही, कारण भाव तेवढा वाढेल का हे त्या उत्तरात नसतं. मग मी उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांच्याकडे वळते. २००१ सालच्या त्यांच्या शोधनिबंधात आणि त्यामागच्या कामात मांडलेला विचार असा, की मुरलेले उद्योजक ‘किती मिळेल’ याआधी ‘किती गेलं तर सोसेल’ असं विचारतात. ‘किती गेलं तर सोसेल’ हा प्रश्न टाकला की तिसरी वाट अचानक बारीक तुकड्यांत दिसू लागते : सगळा माल कशाला, वीस बॉक्स पाठवून बघू.

त्यांनी हे संशोधन केलं कसं, हेही मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. २७ अनुभवी उद्योजकांसमोर एका काल्पनिक उद्योगाची सतरा पानी समस्या ठेवली आणि मोठ्याने बोलत बोलत ती सोडवायला सांगितली. म्हणजे गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या विषयात सर्वाधिक चर्चेत आलेल्या विचारांपैकी एक आला तो केससारख्याच एका उघड्या प्रश्नातून. संशोधन वर आणि केस खाली, ही उतरंड मला म्हणूनच मान्य नाही.

पेपरबद्दल थोडक्यात. त्याच भागातल्या काही शेडमालकांच्या मुलाखतींवर तो आहे, आणि तारण कर्ज हाताशी असूनही छोटे उत्पादक ते का उचलत नाहीत, हा त्याचा प्रश्न. केस विचारते, तू काय करशील? पेपरला सांगावं लागतं, आजवर माहीत नसलेलं काय कळलं? एकाच क्षेत्रकामातून दोन्ही लिहायला हरकत नाही, पण एकाची वाक्यं उचलून दुसऱ्यात घालू नयेत. साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला स्वतःचं लेखनसुद्धा चोरीच दिसतं. आणि परीक्षण दोन्ही बाजूंनी नावं झाकून असतं, तेव्हा फाइलच्या प्रॉपर्टीजमधलंही आपलं नाव काढा.

पाठवण्याआधी केस वर्गात घेतली. माझ्या वर्गात तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेची मुलं आहेत. ज्याच्या घरी शेड आहे असा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, “मॅडम, एप्रिलअखेर कोल्ड स्टोरेजला जागा मिळते का ते आधी विचारा.” दुसऱ्या वाटेवर ही अट आता केसमध्ये आहे. सौद्यातल्या उधळणीचा मुद्दाही मुलांनीच काढला. बॉक्स फोडून माल दाखवताना जो बेदाणा खाली जातो, त्या तुटीवरून शेतकरी आणि अडते यांचा वाद जुना आहे. दिल्ली-बंगळुरूच्या शिक्षकाला हे माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून एक पानाची माहिती परिशिष्टात दिली.

कुठे पाठवायचं, तर संस्था बऱ्याच आहेत. अहमदाबादजवळची ईडीआयआय, म्हणजे भारतीय उद्योजकता विकास संस्था, १९८३ पासून उद्योजकता शिकवण्याचं काम करते आणि दर दोन वर्षांनी उद्योजकतेवर परिषद भरवते. अमेरिकेतल्या बॅब्सन कॉलेजची परिषद १९८१ पासूनची, ती निखळ संशोधनाची. तिथं आधी सारांशावर निवड होते. केस लिहिणाऱ्यांसाठी नाक्रा ही उत्तर अमेरिकेतली संघटना मला सर्वांत जवळची वाटते, कारण तिथं केसवर गोलमेज बसते. सगळ्यांनी एकमेकांच्या केस आधी वाचून यायचं आणि दुरुस्त्या सुचवायच्या. पेपरच्या सत्रात बारा मिनिटं बोलून, टाळ्या घेऊन खाली बसण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे. ज्या परिषदा ‘सर्व विद्याशाखांसाठी खुल्या’ असतात, दोन दिवसांत स्वीकृती कळवतात आणि पत्रात आधी फी, मग विषय लिहितात, त्यांच्याकडे फिरकू नका. तरुण सहकाऱ्यांचे पगारातले पैसे तिथं जाताना बघून मला वाईट वाटतं.

पेपरचा सारांश मी काल पाठवला. केसची मुदत महिनाअखेरीची आहे, वहिनींची सही आली आहे, फक्त नोटमधला फळ्याचा आराखडा नीट काढायचा राहिला आहे.

शिरोलीतली फाउंड्री, इचलकरंजीतले यंत्रमाग, हुपरीची चांदी, सांगलीची हळद : यांतल्या कशावरही कुणी केस लिहीत असेल तर मसुदा मला पाठवा. आधी टीचिंग नोट पाठवा, केस नंतर. पुढच्या महिन्यात परीक्षा संपल्यावर एक शनिवार ठरवून चार-पाच जणांनी सांगलीत बसू आणि एकमेकांचं वाचू. जागेची आणि चहाची सोय मी करते.